रात्रीच्या गप्पांचें मोल

रात्रीं उशिरापर्यंत गप्पा मारीत बसणें हें आळशी माणसाचें लक्षण होय, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. वेळेवर निजावें व पहांटे उठून अभ्यासास लागावें, हा वडील माणसांचा उपदेश खोटा आहे असें कोण म्हणेल? तरीहि दिवसभराचीं कामें उरकल्यावर ओसरीवर किंवा अंगणांत बसून घरांतील एखादें वडील माणूस जें सहज बोलून जातें, तें पुष्कळ वेळां शाळेंतील धड्याहून अधिक काळ मनांत राहतें, हाहि सर्वांच्या अनुभवाचाच भाग आहे. सहज बोललेल्या शब्दालाहि मोल असतें. मात्र तो शब्द नाहींसा होईपर्यंत तें आपणांस कळत नाहीं. हें आपलें मत मांडण्यासाठीं प्रस्तुत लेखक आज दूरच्या अमेरिका देशांतील एका गोष्टीचा आधार घेणार आहे. ती गोष्ट म्हणजे तेथील दूरचित्रवाणीवर अपरात्रीं होणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांचे, ज्यांस आज सर्वत्र 'टॉक शो' म्हणतात त्यांचे, आरंभीचे दिवस.

दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत दूरचित्रवाणीचा प्रसार झपाट्यानें झाला. परंतु रात्र चढूं लागली म्हणजे हें बोलकें यंत्र बहुतेक ठिकाणीं मुकें होत असे. सारें जग निजण्याच्या वेळीं तें कोण पाहणार, आणि त्या वेळेसाठीं जाहिरातदार पैसे तरी कशास मोजणार, असा व्यवहारी हिशेब त्यामागें होता. इ. स. १९५० च्या मे महिन्यांत एन. बी. सी. या नभोवाणी-संस्थेनें 'ब्रॉडवे ओपन हाऊस' नांवाचा एक कार्यक्रम रात्रीं अकरा वाजल्यानंतर दाखविण्यास आरंभ केला. जेरी लेस्टर व मोरी ॲम्स्टरडॅम हे विनोदी नट तो चालवीत. थट्टामस्करी, गाणीं व नकला असा त्याचा थाट होता. तो जेमतेम सव्वा वर्ष टिकला व इ. स. १९५१ मध्यें बंद पडला. पण अपरात्रीं जागणारा प्रेक्षक आहे, एवढी गोष्ट त्यानें सिद्ध केली.

त्याच संस्थेचे एक चालक सिल्व्हेस्टर वीव्हर हे मोठे कल्पक गृहस्थ होते. लोकांच्या दिवसाचा आरंभ व शेवट या दोन्ही वेळीं दूरचित्रवाणीनें त्यांच्या सोबतीस असावें, असें त्यांनीं मनांत आणलें. त्याप्रमाणें इ. स. १९५२ च्या जानेवारींत सकाळचा 'टुडे' हा कार्यक्रम सुरू झाला आणि २७ सप्टेंबर १९५४ रोजीं रात्रीचा 'टुनाइट' हा कार्यक्रम देशभर दिसूं लागला. त्याचे पहिले सूत्रचालक स्टीव्ह ॲलन यांनीं आदल्या वर्षींच न्यूयॉर्क शहरापुरता असा कार्यक्रम चालविला होता. न्यूयॉर्कमधील हडसन नाट्यगृहांतून तो प्रत्यक्ष घडत असतांनाच लोकांस दिसे. एक मेज, पाहुण्यांसाठीं बसण्याची जागा, एक वाद्यवृंद आणि समोर जागे राहिलेले प्रेक्षक, एवढाच सरंजाम. ॲलन हे पियानो वाजवीत, प्रेक्षकांत उतरून त्यांच्याशीं बोलत, कधीं कॅमेरा रस्त्यावर वळवून येणाऱ्याजाणाऱ्यांची गंमत दाखवीत. वर्तमानपत्राच्या संपादकास आलेलीं संतप्त पत्रें तितक्याच संतप्त आवाजांत वाचून दाखविणें हा त्यांचा एक आवडता खेळ होता. पहिल्याच रात्रीं त्यांनीं प्रेक्षकांस थट्टेनें बजावलें कीं, वाईट बातमी आधींच सांगून टाकतों. हा कार्यक्रम कधींच संपणार नाहीं. ती थट्टाच खरी ठरली. सूत्रचालक बदलत गेले, परंतु सत्तर वर्षें उलटून गेलीं तरी त्या नांवाचा कार्यक्रम चालूच आहे.

या कार्यक्रमांत लोकांस एवढें काय दिसलें असावें? माझ्या मतें याचें उत्तर साधें आहे. व्याख्यान देणारा माणूस उंच जागीं उभा राहून बोलतो व आपण खालीं बसून ऐकतों. गप्पा मारणारा माणूस आपल्याच सतरंजीवर येऊन बसतो. मोठा नट, मोठा लेखक किंवा मोठा मुत्सद्दी असा शेजाऱ्यासारखा येऊन बसला, बोलतांना अडखळला, स्वतःच्या फजितीवर हंसला, म्हणजे तोहि आपल्यासारखाच माणूस आहे असें लोकांस वाटे. इ. स. १९६० सालीं अध्यक्षपदासाठीं एकमेकांविरुद्ध उभे असलेले जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन हे दोघेहि वेगवेगळ्या रात्रीं याच कार्यक्रमांत येऊन बसले, यावरून सभेच्या व्यासपीठाहून या आसनाची योग्यता कमी नव्हती हें उघड होतें.

त्या वेळीं सूत्रचालक जॅक पार हे होते. ॲलन यांच्यानंतर इ. स. १९५७ च्या जुलैपासून इ. स. १९६२ च्या मार्चपर्यंत त्यांनीं हा कार्यक्रम चालविला. पार हे हळव्या मनाचे गृहस्थ होते. बोलतां बोलतां त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, राग आला तर तोहि ते लपवीत नसत. त्यांची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. इ. स. १९६० च्या फेब्रुवारींत त्यांनीं एक विनोदी गोष्ट सांगितली. परदेशीं प्रवासास निघालेली एक बाई उतरण्याच्या जागेजवळ शौचकूप आहे कीं नाहीं हें पत्रानें विचारते. मात्र संकोचानें तिनें त्या शब्दाचीं नुसतीं आद्याक्षरें लिहिलेलीं असतात. उत्तर देणारा गृहस्थ त्या दोन अक्षरांचा अर्थ रस्त्याकडेचें प्रार्थनामंदिर असा करतो आणि तेथें किती माणसांची सोय आहे, गर्दी केव्हां होते, इत्यादि माहिती मोठ्या आदरानें कळवितो. गोष्ट निरुपद्रवी होती. परंतु संस्थेच्या अधिकाऱ्यांनीं पार यांस न विचारतां ती कापून टाकली. दुसऱ्या रात्रीं पार यांनीं प्रेक्षकांसमोर आपलें दुःख सांगितलें, निरोप घेतला व ते चालते झाले. उरलेला कार्यक्रम त्यांचे सहकारी ह्यू डाउन्स यांनीं कसाबसा पार पाडला. सुमारें एक महिन्यानें, ७ मार्च रोजीं, पार परत आले आणि मध्यें तोडलेलें वाक्य पुढें चालवावें त्याप्रमाणें त्यांनीं बोलण्यास आरंभ केला. ती गोष्ट सांगण्यायोग्य होती कीं नव्हती, याविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु दुसऱ्याचें बोलणें त्यास न विचारतां पुसून टाकणें ही केवढी दुखावणारी गोष्ट आहे, हें त्या रात्रीं सर्वांस दिसलें.

पार यांच्यानंतर १ ऑक्टोबर १९६२ रोजीं जॉनी कार्सन आले व २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, ते त्या मेजाशीं बसले. कार्सन यांचें वैशिष्ट्य त्यांच्या ऐकण्यांत होतें. पाहुणा बोलूं लागला म्हणजे ते स्वतः मागें सरत. नवख्या विनोदी नटास लोकांनीं हंसून दाद दिली कीं त्या यशाचें श्रेय ते त्यासच घेऊं देत. कित्येक तरुण कलावंतांचा भाग्योदय त्यांच्या शेजारच्या आसनावर झाला. उत्तम यजमान तोच, ज्याच्या घरीं पाहुण्यास आपण अधिक हुशार झालों असें वाटतें. ही कसोटी लावली तर कार्सन यांची बरोबरी करणारे थोडेच निघतील.

या कार्यक्रमांचें केवळ कौतुकच करावें असा मात्र माझा हेतु नाहीं. त्या गप्पांमागें साबणाचे व सिगारेटींचे जाहिरातदार उभे असत. विनोदांतील पुष्कळसा भाग उथळ असे. शिवाय त्या मेजाशीं वर्षानुवर्षें गोरे पुरुषच बसत आले. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाज नागरिक म्हणून आपले हक्क मागत असतांना या कार्यक्रमाच्या यजमानपदीं मात्र त्यांच्यापैकीं कोणी क्वचितच दिसे. म्हणूनच इ. स. १९६८ च्या फेब्रुवारींतील एका आठवड्यास फार महत्त्व आहे. त्या आठवड्यांत कार्सन यांच्या जागीं प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक हॅरी बेलाफॉन्टे हे यजमान म्हणून बसले. सिडनी पॉइटिए, लीना हॉर्न, अरीथा फ्रँकलिन यांच्यासारखे कलावंत पाहुणे म्हणून आले. त्यांच्याबरोबरच सिनेटर रॉबर्ट केनेडी व रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग हेहि आले.

किंग यांचें नांव आपणांस परकें नाहीं. महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा मार्ग आपल्या देशबांधवांस दाखविणारे हे ख्रिस्ती धर्मोपदेशक इ. स. १९५९ मध्यें सुमारें एक महिना हिंदुस्थानांत होते, आणि मुंबईस गांधीजींच्या मणिभवनांत त्यांनीं मुक्काम केला होता. त्या रात्रीं विमानास उशीर झाल्यामुळें ते घाईनें येऊन पोंचले होते. त्यावरून ते विनोदानें म्हणाले कीं, आपण धर्मोपदेशक असल्यानें आकाशांतहि देवावर आपला भरंवसा आहेच. पण जमिनीवरील देवाचा आपणांस अनुभव जरा अधिक आहे. सारे हंसले. पुढें बोलणें त्यांच्या जिवास असलेल्या धोक्याकडे वळलें, तेव्हां त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, माणूस किती वर्षें जगला यास फारसें महत्त्व नाहीं, कसा जगला यास आहे. त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोंच, ४ एप्रिल १९६८ रोजीं, त्यांचा खून झाला. जून महिन्यांत रॉबर्ट केनेडी हेहि मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडले.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. त्या पांच रात्रींपैकीं या दोघांच्या मुलाखतींखेरीज चित्रण फारसें उरलेलें नाहीं. बाकीच्या फिती नाहींशा झाल्या. फार कशाला, कार्सन यांच्या पहिल्या दहा वर्षांतील बहुतेक कार्यक्रमांची हीच गत झाली. त्यांच्या पहिल्या रात्रीचेंहि संपूर्ण चित्रण आज मिळत नाहीं. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. आरंभीं हे कार्यक्रम घडत असतांनाच दाखविले जात, आणि जतन करावयाचेंच झालें तर पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून त्यांचें चित्र घ्यावें लागे. इ. स. १९५६ मध्यें ॲम्पेक्स कंपनीनें चित्रें सांठविणारी चुंबकीय फीत प्रचारांत आणली. ती फीत दोन इंच रुंद असे व फार महाग पडे. पण तिच्यावरील जुनें पुसून नवें भरतां येत असे. काल रात्रीच्या गप्पा पुन्हा कोण पाहणार? मग एवढी महाग फीत कपाटांत कशास अडकवून ठेवावी? असा विचार करून जुन्या गप्पांवर नवें चित्रण भरलें गेलें. यांत दुष्टपणा कोणाचाच नव्हता. हिशेबाच्या वहींत फितीची किंमत मांडलेली होती. गप्पांची मांडलेली नव्हती, एवढेंच.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानतात तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ काय आहे? श्रीचक्रधरस्वामी चालतां-बोलतां, जेवतां-खातां, प्रवासांत मुक्कामास उतरले असतां जें सहज बोलले व वागले, त्याच्या या आठवणी होत. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं त्या ऐकणाऱ्या माणसांकडे जाऊन, विचारून विचारून गोळा केल्या. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ ग्रंथ नाहींसा झाला, तेव्हां अनुयायांनीं स्मरणाच्या बळावर तो पुन्हा उभा केला, असें त्या पंथाची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ फीत नव्हती, यंत्र नव्हतें. पण ऐकलेल्या शब्दाचें मोल ते जाणत होते. शुभवर्तमान वाचणाऱ्यांस योहानाच्या तिसऱ्या अध्यायांतील निकदेमाची आठवण होईल. तो अधिकारी पुरुष लोकांच्या नजरा चुकवून रात्रींच प्रभु येशूकडे आला, आणि त्या रात्रींच्या संवादांत पुढील अनेक शतकांस पुरेल इतका बोध निघाला. तो संवाद कोणींच स्मरणांत ठेवला नसता, तर केवढी हानि झाली असती!

कोणी विचारील कीं, फिती पुसणाऱ्या त्या परदेशीयांस नांवें ठेवणारा हा लेखक स्वतः मोठा सावध असेल! तर त्याचेंहि उत्तर देतों. इ. स. १९८३ च्या मे महिन्यांत माझे एक काका गांवीं टेपरेकॉर्डर घेऊन आले. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आजोबा अंगणांत बाजेवर बसून इ. स. १९१८ च्या मानमोडीच्या साथीची हकीकत सांगत, तेव्हां काकांनीं ती एका फितीवर उतरून घेतली. त्या साथींत आजोबांची आई गेली. ते त्या वेळीं आठ वर्षांचे होते. घरांत दुसरें बाईमाणूस उरलें नव्हतें. शेजारच्या एका बाईनें, स्वतःच्या घरांतहि मृत्यु झालेला असतांना, त्यांस व त्यांच्या तान्ह्या बहिणीस उचलून नेलें व वर्षभर सांभाळलें. त्या बाईचें नांव, तिचें माहेर, ती मुलांस काय म्हणून हाक मारी, हें सारें आजोबांनीं सांगितलें होतें. जून महिन्यांत विश्वचषकाच्या क्रिकेटचा अंतिम सामना आला. मला समालोचन उतरून घ्यावयाचें होतें आणि कोरी फीत घरांत नव्हती. आजोबा तर रोजच बोलतात, पुन्हा सांगतील, असें मी मनाशीं म्हटलें. पुढच्या पावसाळ्यांत आजोबा वारले. त्या सामन्याचें चित्रण आज कोणासहि घरबसल्या पाहतां येतें. त्या बाईचें नांव मात्र आमच्या घरांत आतां कोणासहि ठाऊक नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या काळीं फीत महाग राहिली नाहीं. घरांतील लहानशा फोनमध्येंहि तासन् तास बोलणें सांठवितां येतें. पण त्यामुळें धोका टळला असें मला वाटत नाहीं. त्यानें रूप तेवढें पालटलें आहे. आज आपण हजारों चित्रें सांठवितों, आणि त्यांतील एकहि पुन्हा उघडून पाहत नाहीं. रात्रीं जागरण पूर्वींहि होई व आजहि होतें. फरक इतकाच कीं, पूर्वीं जागणारीं माणसें एकमेकांशीं बोलत, आज एकाच खोलींत चार माणसें चार पडद्यांकडे पाहत जागतात. दूरदेशींच्या यजमानानें दूरदेशींच्या पाहुण्यास विचारलेले प्रश्न आपण मोठ्या आवडीनें ऐकतों. पण आपल्याच घरांतील आजीस शेवटचा प्रश्न केव्हां विचारला होता, हें आठवत नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरांतील किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसापाशीं रोज रात्रीं अर्धा तास बसावें. मोठे मोठे प्रश्न विचारूं नयेत. तुमच्या आयुष्याचें सार काय, असें विचारल्यास कोणीहि गप्पच बसेल. पहिला पगार किती होता, शाळेस जातांना वाटेंत कोणती नदी लागे, लग्नांत काय जेवण होतें, दुष्काळांत काय खाल्लें, असें विचारावें. उत्तर चालू असतां मध्यें बोलूं नये. कार्सन यांची तेवढी विद्या सर्वांनीं घ्यावी. ऐकलेलें उतरून घ्यावें, आणि त्यावर सांगणाऱ्याचें नांव, गांव व तारीख घालावी, कारण नांवाशिवाय ठेवलेली फीत व पुसलेली फीत यांत कालांतरानें फारसें अंतर राहत नाहीं. कोणास सांगावयाचें नसेल तर त्यास आग्रह करूं नये, आणि सांगितलेलें सर्वच चारचौघांत दाखवूं नये. पालकांसहि विनंती आहे कीं, परीक्षेच्या दिवसांखेरीज या अर्ध्या तासास त्यांनीं वेळेचा अपव्यय समजूं नये. मुलें लवकर निजावीं हें योग्यच. पण निजण्यापूर्वीं घरांतील माणसाचा आवाज त्यांच्या कानीं पडावा हेंहि तितकेंच योग्य आहे.

अमेरिकेंतील त्या रात्री गेल्या. हडसन नाट्यगृहांत जागणारे बहुतेक प्रेक्षकहि गेले. किंग यांचें तेवढें बोलणें योगायोगानें वांचलें, म्हणून आज आपण तें ऐकूं शकतों. प्रत्येक वेळीं योगायोग धांवून येतोच असें नाहीं. तुमच्या घरीं जे बोलणारे आहेत ते अजून बोलत आहेत, तोंवर त्यांच्यापाशीं जाऊन बसा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतों.